क्रोशाची फुलं: पाच पाकळ्यांचं फूल दर वेळी वेगळंच का होतंय?

अबोली

नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी पहिल्यांदा क्रोशाची सुई हातात धरली. साखळी नीट येते, सरळ ओळीत खांबही येतात. मग वाटलं, आता फुलं करावीत. कापडी पिशवीवर लावायला पाच पाकळ्यांचं साधं फूल, एवढंच हवंय.

आतापर्यंत चार केली. पहिल्याला सहा पाकळ्या आल्या. दुसऱ्याची पाचवी पाकळी अर्ध्यातच संपली. तिसरं वाटीसारखं वळलं, कितीही दाबून सपाट केलं तरी परत उठतं. चौथं दिसायला बरं होतं, पण दोन दिवसांत मधलं भोक उघडून बोट जाईल एवढं झालं.

व्हिडिओ थांबवत थांबवत बघते, एकही टाका चुकवत नाही असं मला वाटतं. लोकर गडद निळी आहे, जरा केसाळ. सुई ३ मिमीची. शिवाय एक लेखी कृती करून पाहिली, तर फोटोतलं फूल बसकं आणि माझं जवळजवळ दुप्पट. कुठे चुकतंय तेच कळत नाही, म्हणून उसवते आणि पुन्हा तेच करत बसते. फुलं नवशिक्यांसाठी नाहीतच का?

सूतगुंडी

अबोली, फुलं नवशिक्यांसाठीच आहेत. शाल करायला घेतलीस तर चूक लक्षात येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात. फूल अर्ध्या तासात पुरं होतं आणि काय चुकलं ते लगेच दाखवतं. ती चारही फुलं उसवली नसशील तर जपून ठेव.

आधी ती निळी लोकर बाजूला ठेव. गडद रंगात टाक्याचं डोकं दिसत नाही आणि केसाळ लोकरीत ते बोटांनाही लागत नाही. फिकट रंगाचा, चांगला पीळ असलेला, मध्यम जाडीचा सुती दोरा घे. ३ किंवा ३.५ मिमीची सुई त्याला पुरेल.

आता मुख्य गोष्ट. तू व्हिडिओतल्या हाताकडे बघतेस, स्वतःच्या विणीकडे बघत नाहीस. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगते. एक फेरी झाली की थांब. सुई तशीच राहू दे. फूल उजेडाकडे धर आणि कडेकडे वरून बघ. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर एक बारकी साखळी आडवी पडलेली दिसेल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. एक व्ही म्हणजे एक टाका. नखाने एकेक दाबत मोज. सुईवर असलेला फास कधीच मोजायचा नाही.

तुझ्या पहिल्या फुलाचं काय झालं असावं ते सांगते. या फुलाला मधल्या फेरीत १० टाके लागतात, प्रत्येक पाकळीला दोन. फेरी सुरू करताना आपण एक साखळी घालतो आणि संपवताना स्लिप स्टिच, म्हणजे दोरा सगळ्या फासांतून एकदम ओढून घेतलेला जोडटाका. या दोन्हींचेही बारके व्ही दिसतात. त्यांना टाके समजून त्यांतही विणलं, की दहाचे बारा होतात आणि सहावी पाकळी उगवते. दुसऱ्या फुलात उलटं झालं. पहिला टाका स्लिप स्टिचखाली दडला, तो सुटला, नऊ राहिले. नऊ म्हणजे साडेचार पाकळ्या.

यावर उपाय म्हणजे पहिला टाका घातला की लगेच त्याच्या डोक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवायचा. फेरी संपली की त्याच टाक्यात स्लिप स्टिच घालायची. मी अजूनही दोरा अडकवते.

कृती लिहून देते. आमच्याकडे म्हणतात तीच नावं वापरते. मुका खांब म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घातलेला बुटका टाका. खांब म्हणजे एक वेढा घेऊन सुई घालायची आणि दोन-दोन फास करत सोडवायचे. अर्धा खांब म्हणजे एक वेढा घ्यायचा, पण तिन्ही फास एकदमच सोडवायचे.

पहिली फेरी: दोऱ्याच्या कड्यात (बोटाभोवती दोरा गुंडाळून केलेलं, सुटं टोक ओढलं की आवळणारं कडं) १ साखळी, १० मुके खांब. कडं ओढून घट्ट करायचं. पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच.

दुसरी फेरी: त्याच टाक्यात २ साखळ्या आणि २ खांब. पुढच्या टाक्यात २ खांब, २ साखळ्या आणि तिथेच स्लिप स्टिच. झाली पहिली पाकळी. आता पुढच्या टाक्यात स्लिप स्टिच घालून दुसरी सुरू करायची. अशा पाच. दोरा वीतभर ठेवून कापायचा.

हे फूल समजून घ्यायचं तर उंचीकडे बघ. पाकळीच्या कडेला स्लिप स्टिच, म्हणजे उंची जवळजवळ नाहीच. मग साखळ्या चढत्या, मध्ये उंच खांब, परत साखळ्या उतरत्या, परत स्लिप स्टिच. बुटका, उंच, बुटका एवढ्यानेच पाकळी होते. यापुढे कुठलंही फूल बघितलंस की ही चढउतार शोध, निम्मी कृती न वाचताच कळेल.

मोगराकळी

लेखी कृतीचं फूल दुप्पट झालं त्याचं कारण बहुतेक मला माहीत आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश कृतींमध्ये तीच नावं वेगवेगळ्या टाक्यांना असतात. ब्रिटिश ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब. अमेरिकन ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब. तू ब्रिटिश कृती अमेरिकन पद्धतीने विणलीस तर सगळे टाके एकेक पायरी उंच होणार.

ओळखायची खूण: कृतीत कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द असेल तर ती अमेरिकन. आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्द वापरत नाहीत. दोऱ्यावरच्या आकड्यांनीही असाच गोंधळ होतो. बारीक क्रोशाच्या सुती दोऱ्यावर १०, २०, ४० असे आकडे असतात, त्यात आकडा मोठा तेवढा दोरा बारीक. सुईच्या बाबतीत मात्र मिलीमीटरचाच आकडा बघावा, बाकीचे क्रमांक देशागणिक बदलतात.

अबोली

कृती तपासली. त्यात सिंगल क्रोशे कुठेच नाही, सगळीकडे डबल आणि ट्रेबल! एवढ्या एका गोष्टीपायी मी दोन संध्याकाळी रडकुंडीला आले होते. मोगराकळी, मनापासून आभार.

सूतगुंडीताई, पहिलं फूल काढून मोजलं. बारा टाके निघाले. तुम्ही न बघता ओळखलंत. पण तिसरं फूल, ते वाटीसारखं वळलेलं? त्यात दहाच टाके आहेत आणि पाकळ्याही पाच. दोरा त्याच गुंड्यातला. मग ते का वळावं?

कोष्टी

ताई, हे माझ्या आवडीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधोमध गोल विणत बाहेर जाताना प्रत्येक फेरीने घेर वाढायला हवा. किती? शाळेतलं गणित आठवा, घेर म्हणजे त्रिज्येच्या ६.२८ पट. एका फेरीने त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते, म्हणजे घेर उंचीच्या सव्वासहा पट वाढला पाहिजे. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणून मुक्या खांबांच्या सपाट चकतीत दर फेरीला ६ टाके वाढवतात. खांब जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून १२. अर्धा खांब मधला, तिथे ८ ते १०.

यापेक्षा कमी वाढवलं की कडेला जागा पुरत नाही, कड आत ओढली जाते आणि वाटी होते. जास्त वाढवलं की जादा झालेल्या कडेला जायला जागा नसते, ती वरखाली होऊन झालर पडते. तुमच्या फुलात आकडा बरोबर आहे, म्हणजे टाके रुंदीला कमी पडतायत. शेवटच्या पाकळ्या घालताना हात घट्ट झाला असणार. तीच सुई, तोच दोरा, पण आवळून घातलेले खांब अरुंद होतात.

ही झालर जाणूनबुजून वापरली तर फार सुंदर फुलं होतात. प्रत्येक टाक्यात दोन किंवा तीन खांब घालत जा, तीन फेऱ्यांत झेंडूसारखी दाट झालर उभी राहते. याच गोष्टीवरून कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ साली क्रोशाने हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे पसरत झालरीसारखा वळत जाणारा पृष्ठभाग, विणून दाखवलं. दर फेरीला ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जायचे, बस्स. विद्यार्थ्यांना कागदावर जे पटायला कठीण जातं ते त्या विणीत बोटाने चाचपता येतं. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ पासून त्याच तंत्राने प्रवाळाची अख्खी बाग विणायला घेतली, त्यात जगभरच्या विणणाऱ्यांनी भर घातली. वाटी आणि झालर हे दोन्ही चुकून झाले की दोष, ठरवून केले की आकार. कमळाला वाटी हवी असते, झेंडूला झालर.

सूतगुंडी

कोष्टी, किती छान सांगितलंत! इतकी वर्षं ६ आणि १२ हे आकडे मी पाठ म्हणून वापरत होते.

अबोली, हात घट्ट होण्याबद्दल. सुईच्या तोंडाशी दोरा पकडणारा हूक असतो, त्यामागे निमुळता गळा, त्यामागे सुईची पूर्ण जाडी. नवशिके फास गळ्यातच आवळतात. तिथे सुई बारीक असते, म्हणून ३ मिमीची सुई प्रत्यक्षात अडीचसारखी विणते. प्रत्येक फास मागे, जाड भागापर्यंत सरकू दे, मग पुढचा टाका घाल. खांद्याकडे लक्ष गेलं आणि ते कानाजवळ आलेले दिसले तर समज की हातही आवळलाय. तेव्हा थांबून बोटं मोकळी कर. तरीही घट्टच येत असेल तर अर्ध्या मिलीमीटरने मोठी सुई घे, त्यात काही कमीपणा नाही.

डावखुरी

मी डावखुरी आहे आणि तुम्हा सर्वांच्या कृती वाचूनही माझी पाकळी उलट्या दिशेला जाते. हे चूक आहे का? उजव्या हाताने शिकायचा प्रयत्न केला, मनगट दुखायला लागलं.

सूतगुंडी

अजिबात चूक नाही. उजव्या हाताने विणणाऱ्यांची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट जाते, तुझी काट्यांसोबत जाईल. आकडे तेच, टाके तेच. व्हिडिओ आडवा उलटवून दाखवायची सोय असेल तर वापर, नाहीतर फोन आरशासमोर ठेवून आरशात बघ. माझ्या बहिणीला मी समोरासमोर बसवून शिकवलं, तिला मी म्हणजेच आरसा झाले. फक्त हात बदलू नकोस, मनगट दुखत असेल तर मुळीच नको.

अबोली

पाचवं फूल झालं! फिक्या पिवळ्या सुती दोऱ्याचं. दहा टाके, पाच पाकळ्या, सपाट. पहिल्या टाक्यात लाल दोरा अडकवला होता, तो काढताना खूप समाधान वाटलं. आता फक्त चौथ्या फुलाचा प्रश्न राहिला. कडं ओढून अगदी घट्ट केलं होतं, तरी दोन दिवसांत सुटलं. या वेळीही तसंच होईल अशी भीती वाटतेय.

मोगराकळी

कड्याचं शेपूट, म्हणजे दोऱ्याचं सुटं टोक, किती लांब ठेवलंस आणि कसं लपवलंस?

अबोली

बोटभर असेल. मागच्या बाजूने दोन टाक्यांतून ओवून कापलं.

मोगराकळी

मग सुटणारच. दोऱ्याचं कडं फक्त त्या शेपटाच्या जोरावर बंद असतं. किमान १५ सेंटीमीटर ठेव. बोथट टोकाच्या मोठ्या सुईत ओव आणि फुलाच्या मागून, मध्याभोवतीच्या टाक्यांच्या पायातून, कडं ज्या दिशेने आवळलं जातं त्याच दिशेने पूर्ण एक वळसा घाल. मग एक टाका ओलांडून मागे फिर आणि उलट दिशेने अर्धा वळसा घे. उलट फिरताना दोरा स्वतःच्याच धाग्यांतून टोचून गेला तर आणखी पक्का बसतो. नंतर फूल सगळीकडून हलकेच ताणून बघ आणि मगच शेपूट काप. गुळगुळीत, चमकदार दोऱ्याला मी तिसरा वळसाही घालते.

कडं जमतच नसेल तर ४ साखळ्या करून स्लिप स्टिचने जोड आणि त्यात वीण. मध्ये बारीक भोक राहतं, पण ते कधी वाढत नाही. वर मणी किंवा बटण शिवलं की दिसतही नाही. मात्र फूल तान्ह्या बाळाच्या टोपीवर किंवा दुपट्यावर लावायचं असेल तर मणी-बटण नको. बाळ ओढून तोंडात घालतं. तिथे मधला गोळाही दोऱ्यानेच विणावा.

चाफेकळी

छान चर्चा चालू आहे. मला गुलाब हवाय, गुंडाळून करतात तो. सोपा असतो का?

सूतगुंडी

गोल फुलापेक्षाही सोपा, कारण सरळ पट्टी विणायची असते. ६२ साखळ्या घाल. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून ६१ मुके खांब. उलटव, १ साखळी, पहिल्या टाक्यात मुका खांब. मग दोन टाके सोड, पुढच्या एकाच टाक्यात खांबांचा झुबका, दोन टाके सोड, पुढच्यात मुका खांब. दर पाकळीला ६ टाके लागतात, म्हणून दहा पाकळ्यांना ६० आणि सुरुवातीचा एक.

झुबके सगळे सारखे घालू नकोस, नाहीतर कोबीसारखा गड्डा होतो. पहिल्या तीन पाकळ्यांत ४-४ खांब, पुढच्या चारांत ६-६, शेवटच्या तीनांत ८-८. लहान पाकळ्यांकडून गुंडाळायला सुरुवात कर. पहिले दोन वेढे घट्ट, पुढचे सैल. खालची कड एका पातळीत ठेव आणि शेवटच्या लांब शेपटाने तळातून आरपार, या बाजूने त्या बाजूला, तीन-चार वेळा टाके घाल. गुलाब खालून घट्ट झाला की वरच्या पाकळ्या बोटाने बाहेर वळव. त्या वेळी तो उमलल्यासारखा दिसतो, आणि कितीही वेळा केला तरी तो क्षण मला फार आवडतो.

पारंबी

गुलाबाचा विषय निघाला म्हणून लिहिते. पाकळ्यांचे थर एकावर एक असलेलं आयरिश फूल नक्की करून बघा. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ च्या भीषण दुष्काळात असंख्य बायका क्रोशाची लेस विणून घर चालवत होत्या. त्या लेसमधली फुलं, पानं, देठ सुटे विणायचे, उठाव यावा म्हणून जाड दोऱ्यावरून टाके घालायचे आणि शेवटी सगळं बारीक साखळ्यांच्या जाळीने जोडायचे. ते फूल करताना मला नेहमी वाटतं की हे घाईने, पोटासाठी विणलेलं काम आहे, आणि तरी त्यात कुठे घाई दिसत नाही.

करायला घाबरण्यासारखं काही नाही. कड्यात ६ साखळ्या घाला. त्यांतल्या ३ म्हणजे पहिला खांब, ३ म्हणजे मोकळी जागा. मग १ खांब आणि ३ साखळ्या असं पाच वेळा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच. सहा खिडक्या झाल्या. प्रत्येक खिडकीत १ मुका खांब, १ अर्धा खांब, ३ खांब, १ अर्धा, १ मुका.

आता खरी गंमत. फूल पुढे वाकवा आणि पाकळ्यांच्या मागून, पहिल्या फेरीतल्या खांबाच्या दांड्याभोवती मुका खांब घाला, ५ साखळ्या, पुढच्या दांड्याभोवती मुका खांब. सहा कमानी पाकळ्यांआड लपल्या. त्यांत तशाच पाकळ्या, फक्त मधले खांब ३ ऐवजी ५. तिसऱ्या थराला ७ साखळ्यांच्या कमानी आणि ७ खांब. पाकळ्यांच्या मागे सुई घालताना पुढचं काही दिसत नाही, तिथे बोटाने दांडा चाचपडून शोधावा लागतो. पहिल्यांदा हळू करा.

चाफेकळी

गुलाब झाला! पण दोन दिवसांत पाकळ्या मलूल पडल्या. कडक कसा करायचा?

मोगराकळी

दोरा कुठला त्यावर आहे. सुती असेल तर पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, आकार देऊन वाळव. सपाट फुलांना गंज न चढणाऱ्या टाचण्या लावाव्यात. आणखी कडकपणा हवा असेल तर कपड्यांची खळ, किंवा पांढरा गोंद आणि पाणी निम्मेनिम्मे. पूर्वी साखरेचं घट्ट पाणीही वापरायचे, पण त्याला मुंग्या येतात.

अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री टेकवू नकोस. वरून वाफ दे, तीही हात राखून. जास्त उष्णता लागली की त्याचा जीव जातो, फूल लुळं पडतं आणि पुन्हा उभं राहत नाही. माझी बारा फुलं एका दुपारी अशी गेली.

फुलदाणीसाठी देठ हवे असतील तर तारेवर मुके खांब विणत जायचं. तारेचं टोक आधी पक्कडीने मागे दुमडायचं, नाहीतर ते दोऱ्यातून बाहेर येऊन हाताला लागतं.

अबोली

आठवडाभराने येतेय. सपाट फुलं सात झाली, सगळी पाच-पाच पाकळ्यांची. पाचव्या फुलाचं कडं अजून मिटलेलं आहे, रोज ताणून बघते.

काल पारंबीताईंचं आयरिश फूल घेतलं. दुसऱ्या थराला अडले, कारण कमानी पाचच आल्या. पूर्वी मी सगळं उसवलं असतं. या वेळी फूल उजेडाकडे धरलं, पाकळ्या एकेक करून पुढे वाकवल्या आणि मागचे दांडे मोजले. चौथा दांडा पाकळीआड दबला होता, तो सोडून मी पुढे गेले होते. तेवढ्याच दोन कमानी उसवल्या आणि पुन्हा घातल्या. व्हिडिओ लावला नव्हता.

पिशवीवर आता मध्ये ते आयरिश फूल शिवणार आहे आणि भोवती पिवळी. ते निळं वाटीसारखं फूल उसवलं नाही. त्याला आणखी एक फेरी घालून, टाके न वाढवता, कमळाची कळी होते का ते बघतेय. कोष्टीदादा, खांबांनी घेऊ की मुक्या खांबांनी?

कोष्टी

मुक्या खांबांनी. दोन फेऱ्या झाल्या की दाखवा.